कॅथलिक लिबरल आर्ट्स महाविद्यालयांतील ईश्वरविज्ञान (अमेरिका)

अमेरिकेतील बहुतेक कॅथलिक लिबरल आर्ट्स महाविद्यालयांत पदवीच्या चार वर्षांत ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) किंवा धर्म-अभ्यास या विषयाचे एक-दोन अभ्यासक्रम प्रत्येकाला पूर्ण करावे लागतात. विद्यार्थी कॅथलिक असो, ज्यू असो, हिंदू असो की कुठलाच धर्म न मानणारा. त्याचा मुख्य विषय रसायनशास्त्र असो की अकाउंटन्सी. नोटर डेम, बॉस्टन कॉलेज आणि जॉर्जटाउन येथे असे दोन अभ्यासक्रम सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियातील थॉमस अक्वायनस कॉलेज (स्थापना 1971) त्याही पुढे जाते: तिथे विषय निवडण्याची सोयच नाही, चारही वर्षे सगळ्यांना ईश्वरविज्ञान आहेच. गोडी लागलेले विद्यार्थी हाच मुख्य विषय घेऊन बी.ए. होतात. या पदवीने कोणी धर्मगुरू होत नाही. त्यासाठी सेमिनरीतले, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतले, शिक्षण वेगळे घ्यावे लागते.

ही परंपरा प्राचीन असेल असे वाटते, पण महाविद्यालयांच्या मानाने हा विषय नवखा आहे. जॉर्जटाउन, देशातले पहिले कॅथलिक महाविद्यालय, 1789 मध्ये स्थापन झाले. नोटर डेम 1842 मध्ये, वुस्टरचे होली क्रॉस 1843 मध्ये. जॉर्जटाउन, होली क्रॉस यांसारख्या जेज्विट (एक कॅथलिक संन्यस्त संघ) संस्थांचा साचा 1599 च्या ‘रातिओ स्तुदिओरुम’ या शिक्षणसंहितेतून आलेला होता: लॅटिन, ग्रीक, वक्तृत्व आणि कळसाला तत्त्वज्ञान. ईश्वरविज्ञान त्याच्याही वरचे, म्हणून ते भावी धर्मगुरूंसाठी राखीव. सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला यायची ती धर्मशिक्षणाची तासिका, म्हणजे ठरलेले प्रश्न आणि पाठ केलेली उत्तरे. विचार करायचा तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात, तोही थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ईश्वरवेत्त्याच्या चौकटीत.

स्त्रियांना तर दार बंदच होते. ते उघडले इंडियानातील सेंट मेरीज कॉलेजने. तिथल्या अध्यक्षा सिस्टर मॅडेलिव्हा वुल्फ, स्वतः कवयित्री. स्त्रियांना ईश्वरविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण द्यायला कोणी तयार नाही हे पाहून त्यांनी 1943 मध्ये आपल्याच महाविद्यालयात तशी शाळा काढली. चर्चच्या पुरुषसत्तेवर पुढे कठोर टीका करणाऱ्या मेरी डेली याच शाळेतल्या. त्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी बायबलच्या अभ्यासात इतिहास आणि भाषाशास्त्राची साधने वापरायला मोकळीक दिली. आजच्या वर्गाचे खरे मूळ या परवानगीत आहे.

1960 चे दशक निर्णायक ठरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 च्या शेंप खटल्यात सरकारी शाळांतले बायबल-पठण घटनाबाह्य ठरवले, पण धर्माचा तटस्थ अभ्यास मात्र योग्यच मानला. त्यानंतर सरकारी विद्यापीठांत धर्म-अभ्यासाचे विभाग वाढले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) 1965 मधील ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने हिंदू, बौद्ध, इस्लाम आणि ज्यू धर्मांविषयी आदराची भाषा वापरली. 1967 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लँड ओ’लेक्स येथे जमलेल्या कॅथलिक शिक्षणधुरिणांनी विद्यापीठांसाठी स्वायत्तता आणि अध्यापनस्वातंत्र्य मागितले. परिणामी हा विषय दोन वाटांनी शिकवला जाऊ लागला. ईश्वरविज्ञान श्रद्धेच्या आत उभे राहून तिचा अर्थ लावते. धर्म-अभ्यास इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र यांच्या मदतीने कोणत्याही धर्माकडे बाहेरून पाहतो. बॉस्टन कॉलेजात पहिल्या नावाचा विभाग आहे, होली क्रॉसमध्ये दुसऱ्या. वर्गात मात्र ही सीमारेषा पाट्यांइतकी ठळक राहत नाही.

नमुन्यादाखल बायबलचा प्राथमिक वर्ग घ्या. मार्क, मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाचे वृत्तांत, शेजारी-शेजारी ठेवून एकच प्रसंग तिघांत वाचायचा: कुठले वाक्य जसेच्या तसे आले, कुठे काय गळले, कोणी कोणाचे पाहून लिहिले असावे. बहुतेक अभ्यासक मार्कला सर्वांत जुना मानतात. याचा धक्का अश्रद्ध विद्यार्थ्यापेक्षा घरून धर्मशिक्षण घेऊन आलेल्याला अधिक बसतो. पुढे ऑगस्टीन, अक्वायनस हे जुने ईश्वरवेत्ते, 1891 च्या ‘रेरुम नोवारुम’ या पोपच्या परिपत्रकापासूनची चर्चची श्रमिकविषयक भूमिका, गरिबांच्या बाजूने उभा राहणारा लॅटिन अमेरिकेतला मुक्तिवाद येतो. जागतिक धर्मांच्या अभ्यासक्रमात भगवद्गीताही वाचली जाते. बॉस्टन कॉलेजात 1984 ते 2005 शिकवणारे जेज्विट फ्रान्सिस क्लूनी यांनी मीमांसा आणि तमिळ श्रीवैष्णव ग्रंथ ख्रिस्ती ग्रंथांसोबत वाचण्याची तौलनिक पद्धत रुजवली. गुण मिळतात ते युक्तिवादाला, श्रद्धेला नव्हे.

वाद प्राध्यापकांच्या बाबतीत अधिक झाले. वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीतील चार्ल्स करन यांना लैंगिक नीतीविषयीच्या मतांमुळे कॅथलिक ईश्वरविज्ञान शिकवण्यास व्हॅटिकनने 1986 मध्ये अपात्र ठरवले; न्यायालयानेही 1989 मध्ये विद्यापीठाचीच बाजू उचलून धरली. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कॅथलिक विद्यापीठांविषयीच्या 1990 च्या ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’ या दस्तऐवजाने, कॅथलिक ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्याला स्थानिक बिशपची ‘मान्दातुम’ ही मान्यता लागते, या चर्चच्या कायद्यातील नियमावर पुन्हा भर दिला. अनेक महाविद्यालयांनी ही बाब प्राध्यापक आणि बिशप यांच्यातली खासगी मानली. त्यामुळे ही मान्यता कोणाकडे आहे हे विद्यार्थ्याला सहसा कळत नाही.

भारतात हे चित्र आढळत नाही. मुंबईचे सेंट झेवियर्स (1869) जेज्विटांचेच. पण संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कोणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. महाराष्ट्रात ईश्वरविज्ञानाचे मोठे केंद्र म्हणजे पुण्याच्या नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठ. तिथले बहुसंख्य विद्यार्थी भावी धर्मगुरू आणि संन्यस्त असतात, आणि त्याच्याशी जोडलेली पेपल सेमिनरी 1893 मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे सुरू होऊन 1955 मध्ये पुण्यात आली.