ल्युपस झालेलं मूल मोठं होताना

१९५५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण जिवंत होते. आज चांगले उपचार मिळालेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलं पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात, आणि त्यातली बरीचशी शाळा-कॉलेजात जात असतात. ‘हा आजार मुळापासून जात नाही’ हे ऐकून खचलेल्या आईवडिलांना आधी हे सांगायला हवं. आजार मुळापासून जात नाही हे खरं, पण तो वर्षानुवर्षं शांत ठेवता येतो.

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएसारख्या घटकांविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार करते. एकूण रुग्णांपैकी साधारण १० ते २० टक्के रुग्णांना तो अठराव्या वर्षाच्या आत गाठतो. बहुतेकदा सुरुवात अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास होते आणि मुलींमध्ये प्रमाण कितीतरी जास्त असतं. येऊन-जाऊन ताप, सांधेदुखी, केस गळणं, तोंडात फोड, उन्हात गेल्यावर गालांवर उठणारा लाल चट्टा, अशी त्याची चाहूल लागते. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर डॉक्टर एखाद्या जनुकातला दोष शोधतात.

मुलांमधला ल्युपस मोठ्यांपेक्षा आक्रमक असतो, आणि तो सगळ्यात जास्त छळतो किडनीला. जवळपास निम्म्या मुलांची किडनी आजाराच्या तडाख्यात सापडते, तीही बहुधा पहिल्या दोन वर्षांत. यात दुखत काहीच नाही. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, रक्तदाब वाढतो. कधी कधी यातलं काहीही दिसत नाही आणि फक्त लघवीच्या तपासणीत प्रोटीन सापडतं. म्हणून मूल ठणठणीत दिसत असलं तरी लघवीची तपासणी आणि रक्तदाब चुकवायचा नाही. प्रोटीन वाढलं तर किडनीची बायोप्सी करतात, म्हणजे सुईने बारीकसा तुकडा काढून तपासतात. सुई टोचायची म्हटल्यावर घरचे घाबरतात, ते साहजिकच आहे, पण किडनीचा आजार सहांपैकी कोणत्या वर्गातला आहे हे तिथेच कळतं. तिसऱ्या-चौथ्या वर्गाला जोरदार उपचार लागतात: शिरेतून स्टेरॉइड, सोबत मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आणि त्यानंतर काही वर्षं आजार दाबून ठेवणारी गोळी.

या सगळ्याच्या पायाशी असते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळची मलेरियाची ही गोळी. २०२० साली कोरोनावर चालेल या आशेने लोकांनी तिच्यावर झडप घातली, तेव्हा ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली होती. तिने आजार उसळण्याचं प्रमाण घटतं, किडनीचं रक्षण होतं आणि आयुष्य वाढतं. म्हणून ती जवळजवळ प्रत्येक मुलाला दिली जाते. मात्रा वजनाप्रमाणे ठरते, सहसा किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत. दीर्घकाळ घेतल्यावर दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, म्हणून डोळ्यांची तपासणीही ठरलेली.

स्टेरॉइडने जीव वाचतो, पण किंमतही तेच सगळ्यात जास्त वसूल करतं. चेहरा गोल होतो, वजन वाढतं, मुरुमं येतात, पोटा-मांड्यांवर चट्टे पडतात. उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, काहींच्या खुब्याचा सांधा कायमचा खराब होतो. चौदा वर्षांच्या मुलीला यातलं सर्वांत असह्य काय वाटतं? चेहरा. वर्गातल्या एका शेऱ्यावरून ती गोळ्या गादीखाली लपवू लागते. माझ्या मते मुलांच्या ल्युपसमध्ये उपचार फसण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल मुलीला रागावणं हा अन्याय आहे. शिवाय स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जिवावर बेततं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं थांबवलेलं असतं. मुलीला हे समोर बसवून नीट सांगावं. मात्रा कमी होत गेली की चेहरा पूर्ववत होतो, हेही सांगावं. मोठ्यांमध्ये प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आणण्याचं लक्ष्य आता धरलं जातं. मुलांचे डॉक्टरही मात्रा जमेल तितक्या लवकर उतरवतात. त्यासाठीच बाकीची औषधं जोडीला असतात. बेलिमुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून पाच वर्षांवरच्या मुलांसाठी मंजूर आहे, पण त्याचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणारा नाही.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, संसर्गाचा. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते आणि क्षयरोगासारखे आजार डोकं वर काढतात. ताप आला की तो ल्युपसचा की जंतूंचा, हे ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही जड जातं. म्हणून ताप अंगावर काढायचा नाही. न्यूमोकोकल आणि फ्लूची लस घ्यावी. जिवंत जंतूंच्या लसी मात्र जोरदार औषधं चालू असताना टाळतात.

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीची किडनी ल्युपसमुळे इतकी खालावली होती की तिचं डायलिसिस सुरू झालं. तिच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, प्रयोगशाळेत बदलून परत दिल्या, त्यांनी अँटिबॉडी बनवणाऱ्या साखळीतल्या बी-पेशी संपवल्या, आणि तिचं डायलिसिस सुटलं. २०२४ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. एका मुलीवरून नियम बांधता येत नाही, पण काय शक्य आहे ते तिने दाखवून दिलं.

अठराव्या वर्षी मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना कित्येक जण मध्येच हरवतात. म्हणून तेरा-चौदाव्या वर्षापासूनच आपल्या औषधांची नावं, मात्रा आणि शेवटचा रिपोर्ट मुलाला स्वतःला सांगता यायला हवा. पुढे ‘हिला मूल होईल का’ हा प्रश्न येतोच. बहुतेकींना होतं. आधी निदान सहा महिने आजार शांत हवा, आणि बाळाला घातक ठरणारं मायकोफेनोलेट बदलून अ‍ॅझाथायोप्रिनसारखं औषध वेळेवर सुरू व्हायला हवं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालूच राहते.