घासू नका, निळा जाईल!

२०१९ साली पॅरिसच्या लिलावात एक गंजून गेलेलं रिव्हॉल्व्हर १,६२,५०० युरोंना गेलं. चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःवर झाडलं ते हेच म्हणे. फ्रान्समधल्या ओव्हेर गावाजवळच्या शेतात सापडलेलं, ७ मिलिमीटरचं, लफोशो या फ्रेंच बंदूककाराच्या पद्धतीचं. शक्यता आहे, सिद्ध काहीच नाही. काही बातम्यांनी मात्र खात्रीच देऊन टाकली. त्याआधी २०१६ मध्ये फ्रेंच कवी व्हर्लेनने दुसरा कवी रँबो याच्यावर झाडलेलं रिव्हॉल्व्हर ४,३४,५०० युरोंना विकलं गेलं. तेही लफोशोच. एरवी अशा रिव्हॉल्व्हरना याच्या जवळपासही भाव येत नाही. पैसे मोजले गेले ते इतिहासाचे.

असा इतिहास नसेल तर भाव ठरतो पृष्ठभागावर. आणि तिथेच लोक घात करतात: पॉलिश मारून चकाचक करतात.

जुन्या रिव्हॉल्व्हरचे स्क्रू, घोडा असे छोटे भाग कधीकधी मोरपिशी निळे दिसतात. हा रंग लावलेला नसतो. स्वच्छ पोलाद हवेत तापवलं की त्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. काही प्रकाश पापुद्र्याच्या वरून परततो, काही आत शिरून खालच्या धातूवरून. दोन्ही लाटा पुन्हा भेटतात तेव्हा एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला, तर त्या लाटेचा रंग पुसला जातो. पापुद्रा जाड होत जातो तसा पुसला जाणारा रंग बदलतो आणि उरलेला दिसतो: आधी गवती पिवळा, मग जांभळा, आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळा. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पेट्रोलच्या तवंगात हेच घडतं. छिन्नीला पाणी देणारा लोहारही याच रंगांवर नजर ठेवून असतो. पापुद्र्याची जाडी भरते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. म्हणजे पॉलिशचा एक हात, की निळा गेला!

नळीचा काळपटपणा वेगळा. तिथे मुद्दाम गंज चढवून पाण्यात उकळत. तांबड्या गंजाचं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं काळं ऑक्साइड, होई. आजकाल क्षारांच्या गरम द्रावणात बुडवून एकसारखा काळा आणतात. १८७०चं म्हणून दाखवलेलं रिव्हॉल्व्हर असं नव्यासारखं झळकत असेल आणि त्यावरच्या अक्षरांच्या कडा बोथट असतील, तर ते घासून पुन्हा काळं केलेलं समजावं.

त्या अक्षरांवरच ओळख पटते. बेल्जियमच्या लिएज शहरात बंदुकीची दारू जादा भरून हत्याराची परीक्षा होई आणि मग लंबगोलात ई, एल, जी या रोमन अक्षरांचा ठसा उमटे. १८९३पासून त्यावर मुकुट आला. मुकुट दिसत असेल, तर तो ठसा १८७०चा नाही, विकणारा काहीही म्हणो.