आर्पेजिओ (गिटारवादन)

कॉर्डमधील (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या समूहातील) स्वर एकदम न छेडता एकामागून एक वाजवणे, या क्रियेला आणि तिच्यातून होणाऱ्या स्वरावलीला आर्पेजिओ म्हणतात. सा–ग–प–सां ही मेजर कॉर्डची मांडणी; गंधार कोमल केला की मायनर, आणि मेजरवर कोमल निषाद चढवला की डॉमिनंट सेव्हन्थ. गिटारवादनात या एकाच नावाखाली दोन भिन्न कौशल्ये येतात. पहिल्यात डावा हात कॉर्ड धरून ठेवतो, उजव्या हाताची बोटे तिचे स्वर क्रमाने छेडतात व ते एकमेकांत मिसळत राहतात. दुसऱ्यात डावा हात एकेक स्वर दाबतो आणि सोडतो. त्यामुळे स्वरावली सुटी ऐकू येते आणि साऱ्या फ्रेटबोर्डभर (गळ्याच्या पट्टीभर; तिच्यावरील आडव्या धातुपट्ट्या म्हणजे फ्रेट) फिरू शकते. प्रस्तुत नोंद मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे, परंतु पहिल्याचा इतिहास जुना असल्याने तो आधी पाहणे इष्ट.

गिटारने आर्पेजिओ ल्यूटवर्गीय वाद्यांकडून (ल्यूट हे गिटारसारखे जुने युरोपीय तंतुवाद्य) घेतला, असे सामान्यतः मानले जाते. ल्यूटवादक काप्सबर्गर यांच्या 1604 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या चितारोनेच्या (लांब गळ्याच्या ल्यूटच्या) पुस्तकात सबंध आर्पेजिओवर बेतलेली टोकाटा (मुक्त घाटाची वाद्यरचना) आहे, आणि सतराव्या शतकातील फ्रेंच ल्यूटवादनात कॉर्ड फोडून वाजवण्याची रीत रुळलेली दिसते. तथापि, पाच जोडतारांच्या तत्कालीन गिटारचे स्वतःचे योगदानही कमी लेखता येत नाही. तिच्या चौथ्या व पाचव्या जोडीला खर्जाऐवजी बारीक, वरच्या सप्तकातील तारा लावल्या की लगतचे स्वर निरनिराळ्या तारांवर येतात आणि घंटानादासारखे एकमेकांवर रेंगाळतात. या ‘कांपानेला’ वादनासाठी स्पॅनिश गिटारवादक गास्पार सान्स यांनी 1674 मध्ये अशाच तारा सुचवल्या होत्या. गिटारचा आर्पेजिओ केवळ उसना नाही, हे मत त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते.

सहा एकेरी तारांची गिटार अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावली. इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी यांनी 1812 साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या पहिल्या ओपसमध्ये (क्रमांकित कृतीत) उजव्या हातासाठी 120 आर्पेजिओ दिले. डाव्या हाताला त्यांत सी मेजर आणि जी सेव्हन्थ एवढ्या दोनच कॉर्ड आहेत. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिका यांच्या जुळणीचा इतका कसून विचार तोवर छापील रूपात क्वचितच झाला असावा. ब्राझिलियन संगीतकार व्हिला-लोबोस यांच्या 1929 च्या सुमारास रचलेल्या पहिल्या एत्यूदमध्येही (सरावरचनेतही) उजव्या हाताचा नमुना अखेरपर्यंत जवळजवळ तोच राहतो. मात्र तेथे एक डिमिनिश्ड कॉर्डचा आकार (बोटांची ठेवण) फ्रेटमागून फ्रेट खाली सरकत जातो आणि गळ्याची लांबी संगीताचा भाग बनते.

फ्रेटबोर्डभर आर्पेजिओ शिकणे कठीण का, याचे उत्तर वाद्याच्या रचनेतच आहे. पियानोवर एका उंचीच्या स्वराला एकच पट्टी असते. गिटारवर पहिल्या तारेचा मोकळा (तार न दाबता वाजणारा) ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या फ्रेटवरही मिळतो. शिवाय लगतच्या तारांमध्ये पाच अर्धस्वरांचे अंतर असले, तरी तिसरी (जी) व दुसरी (बी) यांच्यात ते चारच आहे. म्हणून कोणताही आकार या दोन तारांवरून पलीकडे गेला की एका फ्रेटने पुढे सरकतो. हे टाळण्यासाठी अमेरिकन गिटारवादक स्टॅन्ली जॉर्डन सर्व तारा समान अंतरावर लावतात. पण नेहमीच्या मोकळ्या कॉर्ड त्यामुळे हातच्या जातात, म्हणून तो मार्ग थोड्यांनीच पत्करला.

आठव्या फ्रेटपाशी सी मेजर वाजवून पाहिल्यास हे स्पष्ट होते. सहाव्या तारेवर आठवा फ्रेट (सी), पाचवीवर सातवा (ई) व दहावा (जी), चौथीवर दहावा (सी), तिसरीवर नववा (ई), दुसरीवर आठवा (जी), पहिलीवर आठवा (सी) अशी दोन सप्तके पुरी होतात. पाचवी–चौथी आणि दुसरी–पहिली या जोड्यांमध्ये लागोपाठचे दोन स्वर एकाच फ्रेटवर आहेत. तेथे बोट आडवे दाबून ठेवले की दोन्ही स्वर एकदम वाजत राहतात आणि ओळीची पुन्हा कॉर्ड होते. म्हणून बोटाचा शेंडा उचलून पेरावर वजन टाकत एका तारेवरून दुसरीवर लोळवावा लागतो. आकार पाठ करण्यापेक्षा ही लकब बसायला अधिक काळ लागतो, आणि खरे शिक्षण तेथेच होते.

आकारांची सर्वांत प्रचलित मांडणी ‘केज्ड’ म्हणजे सी, ए, जी, ई, डी या पाच मोकळ्या कॉर्डच्या आकारांवर आधारलेली आहे. सी मेजरसाठी हे आकार याच क्रमाने मोकळ्या जागेपासून तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि दहाव्या फ्रेटच्या आसपास येतात व बाराव्यापासून चक्र पुन्हा सुरू होते. या मांडणीचा जनक कोण, याविषयी एकवाक्यता नाही. हे नाव बहुधा 1980 च्या दशकातील अमेरिकन शिक्षणपुस्तकांमुळे रूढ झाले. पाच आकारांची कल्पना मात्र त्याआधी जॅझ गिटारवादक जो पास यांच्या शिकवण्यात आढळते. बोस्टनच्या बर्कली संस्थेतील विल्यम लेव्हिट यांनी 1966 पासून वेगळी वाट धरली. त्यांत कॉर्डच्या आकाराऐवजी हाताची पोझिशन (गळ्यावरील जागा) आधारभूत असून बोटे ताणून स्वर गाठले जातात. जिला कॉर्ड आधीच येतात अशा विद्यार्थिनीला पहिली पद्धत सोपी, तर नोटेशन वाचणाऱ्याला दुसरी. मात्र कोणत्याही पद्धतीत हाताखालचा स्वर षड्ज आहे, गंधार की पंचम, हे कानाला कळत नसेल, तर आकार नुसते बोटांतच राहतात. स्वरनाम उच्चारत, संथ लयीत वाजवण्याचा आग्रह म्हणूनच रास्त आहे.

जॅझमध्ये आर्पेजिओ ही उत्स्फूर्त वादनाची भाषाच बनली. 1939 साली बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात आलेले गिटारवादक चार्ली ख्रिश्चन कॉर्डच्या आकारांभोवतीच आपल्या ओळी विणत. युरोपातील जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे 1928 च्या आगीत निकामी झाली होती. उरलेल्या दोन बोटांनी ते आर्पेजिओ तिरपे, गळ्याच्या लांबीवरून नेत.

एका दिशेच्या एकाच ओघात पिक (तारा छेडण्याची चकती) अनेक तारांवरून नेण्याच्या स्वीप पिकिंगचे श्रेय अनेकदा रॉक वादकांना, विशेषतः 1984 नंतर गाजलेल्या यिंग्वे माल्मस्टीन यांना दिले जाते. टॅल फार्लो, बार्नी केसल अशा जॅझ वादकांच्या हातात ही हालचाल त्यापूर्वीच होती, आणि ऑस्ट्रेलियन वादक फ्रँक गँबाले यांनी तिला पद्धतशीर रूप दिले, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

महाराष्ट्र व गोव्यात हे शिक्षण खाजगी शिकवण्या आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या परीक्षांच्या अभ्यासक्रमांतून होते. त्यांत स्केलबरोबर आर्पेजिओही वाजवून दाखवायचे असतात. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा स्वतंत्र विभाग आहे.