पार्श्वभूमी : मॉनिटरचे इंच वाढले, उंची कुठे गेली?

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांनी लॅपटॉप घरी धाडले, काहींनी तर अख्खे डेस्कटॉप गाडीत घालून पोचवले. ज्यांच्या वाट्याला नुसता लॅपटॉप आला ते आठवडाभरात मान धरून बसले. ऑनलाइन विक्री तेव्हा जीवनावश्यक वस्तूंपुरतीच चालू होती. बाजार उघडल्यावर जे हाती लागले ते लोकांनी उचलले, आणि ते बहुतेक एकाच घडणीचे होते : साडेएकवीस किंवा चोवीस इंच, १९२० बाय १०८० ठिपक्यांचे, आडवे पसरलेले. ही घडण साधारण २००८ ते २०१०च्या दरम्यान ठरली.

त्याआधीचे फार सांगण्यासारखे नाही. काचेच्या नळीचे जड मॉनिटर गेले, चपटे आले; ऑफिसांत सतरा आणि एकोणीस इंची जवळजवळ चौकोनी पडदे होते, १२८० बाय १०२४चे. मग रुंद पडद्यांची लाट आली, पण ती १६:१० या प्रमाणाची (रुंदी सोळा, तर उंची दहा). त्यातला चोवीस इंची मॉनिटर १९२० बाय १२०० असे आणि त्याची उंची पावणेतेरा इंच भरे. एक्सेल, कोड, लांबलचक ईमेल, सगळ्यालाच ती उंची मानवत होती.

मग पॅनेल बनवणाऱ्यांनी मोर्चा १६:९कडे वळवला. टीव्ही त्याच प्रमाणाचे होत होते. एकाच मोठ्या काचेतून दोन्हींचे तुकडे फारशी काच वाया न घालवता कापता येत होते. मॉनिटर स्वस्त झाले, हे खरे. जाहिरातीत मात्र 'फुल एचडी' आणि सिनेमाची मजा एवढेच झळकले. ठिपक्यांच्या १२००च्या जागी १०८० ओळी आल्या, म्हणजे दहा टक्के ओळी कापल्या गेल्या, हे कुणी डब्यावर छापले नाही. इंच कर्णाचे मोजतात, आणि पडदा जितका लांबट तितकी त्याच कर्णात काच कमी. हिशेब मांडून पाहा : आजचा चोवीस इंची १६:९ मॉनिटर उंचीला पावणेबारा इंच, आणि जुना एकोणीस इंची चौकोनी त्याहून केसभर जास्तच! साडेएकवीस इंचीची उंची तर जुन्या सतरा इंचीएवढी, जेमतेम साडेदहा. दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावता येतात, हा या बदलाच्या बाजूने होणारा युक्तिवाद बिनबुडाचा नाही; पण घरून काम करणारा दिवसभर स्क्रोल करतो तो वर-खालीच.

मराठीत टंकणाऱ्याला आणखी एक झळ बसते. चोवीस इंचावर १०८० ओळी म्हणजे इंचाला सुमारे ९२ ठिपके. इंग्रजी अक्षर त्यात बरे निभते, पण 'स्फूर्ती'तला उकार आणि रफार एकाच ओळीत मावायचे तर अक्षर मोठे करावे लागते, आणि मग मुळातच कमी असलेल्या ओळी आणखी घटतात. सत्तावीस इंची १४४० ओळींचा पडदा इथे उजवा : इंचाला १०९ ठिपके, उंची सव्वातेरा इंच.

लॅपटॉप बनवणारे २०२०नंतर मोठ्या संख्येने १६:१०कडे परतले. मॉनिटरमध्ये तो आकार मिळतो, पण शोधावा लागतो आणि पैसे जास्त पडतात. टाइप-सीच्या एकाच वायरीवरून चित्रही जाते आणि लॅपटॉपही चार्ज होतो, ही अलीकडची सोय खरोखर कामाची. मात्र मॉनिटर किती वॉट देतो ते पाहूनच घ्यावा.

करानेही आकाराच्या निवडीवर वजन टाकले. २०१९पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी होता, त्याहून मोठ्यांवर २८. सप्टेंबर २०२५मध्ये हा फरक मिटला आणि चौतीस इंची अतिरुंद पडदे आवाक्याच्या जरा जवळ आले. त्यांची उंची सव्वातेरा इंचांनाही किंचित कमी भरते, म्हणजे सत्तावीस इंचीहून तसूभरही जास्त नाही.