क्रीडा पुरस्काराचा अर्ज आणि जुनी पोलीस केस: काय लिहायचं, काय जोडायचं, आणि नंतर शिक्षा झाली तर

शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार असो, केंद्राचा अर्जुन असो किंवा जिल्ह्याचा गुणवंत खेळाडू पुरस्कार, कबड्डी-खोखोची आपली कोकणातली पोरं कामगिरीत मागे नसतात. अडकतात ती स्वयंघोषणेत. ‘माझ्यावर फौजदारी गुन्हा दाखल नाही, मला शिक्षा झालेली नाही’ असं छापील वाक्य असतं आणि खाली सही मागतात. बहुतेक जण न वाचता सही करतात.

नेहमीच्या गोष्टी आधी उरकून घेऊ. आधार, अधिवास दाखला, स्पर्धांची प्रमाणपत्रं, संघटनेची शिफारस, फोटो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची कामगिरी धरणार ते त्या वर्षीच्या जाहिरातीत असतं. ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख आणि छापील प्रत जिल्हा क्रीडा कार्यालयात पोचवायची तारीख वेगळी असू शकते, दोन्ही बघा. गणपतीच्या आठवड्यात मुदत संपत असेल तर त्याआधीच जाऊन या, नंतर साहेब भेटत नाहीत.

आता घोषणेकडे वळू. शिमग्यात पालखीवरून दोन वाड्यांत जुंपते, सामन्यानंतर मैदानावर हातघाई होते, आणि दोन्हीकडच्या दहा-पंधरा जणांची नावं गर्दी-मारामारीच्या गुन्ह्यात जातात. त्यातला एखादा जिल्हा संघाचा चढाईपटू असतो. वर्ष-दोन वर्षांनी केस कोर्टात उभी राहते, कोणीतरी सांगतं ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’. तो दंड भरतो आणि घरी येऊन सांगतो, सुटलो. नाही. गुन्हा कबूल करून दंड भरला की कायद्याने ती दोषसिद्धी असते, तुरुंगाचा एक दिवस पाहिला नसला तरी. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण कोर्टात कबूल केलं असेल, जुगाराच्या धाडीत सापडून दंड भरला असेल, तिथेही तेच. मग ‘शिक्षा झालेली नाही’ या वाक्याखाली सही केली तर ती खोटी घोषणा ठरते. जुन्या दंडापेक्षा ही खोटी घोषणा जास्त महागात पडते.

तडजोडीचं गणित उलटं आहे. गुन्हा तडजोडपात्र असेल आणि फिर्यादीने कोर्टासमोर तडजोड केली असेल, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो. म्हणजे एकाच भांडणातल्या दोघांपैकी दंड भरणारा दोषी आणि तडजोड करणारा निर्दोष. दंड भरण्याआधी वकिलाला एवढंच विचारा, की हे मिटवता येईल का. प्रत्येक कलमात मिटवता येत नाही. मिटवता येत नसेल आणि दोन्ही बाजू तयार असतील, तर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, त्यामुळे निदान मुंबईची फेरी तरी वाचली. रायगडकरांना मात्र मुंबईच.

गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र जाणं, आरोप निश्चित होणं आणि शिक्षा होणं, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. अर्जात जे विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या, पण खरं द्या. केस चालू असेल तर ‘प्रलंबित’ असं लिहून न्यायालयाचं नाव आणि खटला क्रमांक टाका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. कोरोनाकाळातले 188 कलमाचे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे मागे घ्यायचं सरकारने ठरवलं, ते ऐकून अनेकांनी विषय संपला असं धरलं. पण खटला मागे घ्यायला कोर्टाची परवानगी लागते, तेव्हा आपल्या केसमध्ये आदेश झालाय का ते तपासा.

जो कागद कोणाकडेच नसतो, तो निकालाची सही-शिक्क्याची नक्कल. ‘सुटलो’ म्हणणाऱ्याकडे निकाल नसतो, आणि वकिलाने दिलेली झेरॉक्स चालत नाही. ज्या कोर्टात केस चालली तिथल्या नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो, मग ते दापोली असो, देवरूख असो किंवा मालवण. खटला क्रमांक हाताशी नसेल तर कारकून मान वर करून बघत नाही. जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असली तर आणखी वेळ जातो. म्हणून जाहिरात येण्याची वाट बघू नका.

पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला असेल तर तो ऑनलाइन अर्जाने मिळतो. आपल्याकडची अडचण पत्त्याची. पोरगा मुंबईत एखाद्या कंपनीच्या संघाकडून खेळतो, भाड्याच्या खोलीत राहतो, आधारवर पत्ता गुहागरचा. पोलीस खोलीवर जातात तेव्हा हा सरावाला, आणि शेजारी म्हणतो ‘ओळखत नाही’. दोन्ही पत्ते लिहा, भाडेकराराची प्रत जोडा आणि घरमालकाला आधी सांगून ठेवा. प्रतिज्ञापत्र मागितलं तर लक्षात ठेवा, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावणारे तरी भेटतातच.

अठराच्या आतल्या मुलांचे पालक उगाच घाबरतात. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 24 नुसार बाल न्याय मंडळापुढे गेलेल्या मुलाला त्या निकालामुळे अपात्र ठरवता येत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या मुलाने घोर गुन्हा केला आणि त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालला तर. आणि 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर दोषसिद्धी असली तरी तिच्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. तो आदेश जपून ठेवा, कार्यालयात हे कलम माहीत असेलच असं नाही.

पुरस्कार मिळाल्यावर शिक्षा झाली तर? पद्म पुरस्कारांचा नियम स्पष्ट आहे: राष्ट्रपती पुरस्कार रद्द करू शकतात, मग नोंदवहीतलं नाव खोडलं जातं आणि पदक व सनद परत द्यावी लागते. ‘करू शकतात’, करतीलच असं नाही. कुस्तीपटू सुशील कुमारला अर्जुन, खेलरत्न आणि पद्मश्री, तिन्ही मिळाले. 2021 मध्ये खुनाच्या प्रकरणात त्याला अटक झाली आणि 2022 मध्ये आरोप निश्चित झाले. पुरस्कार लगेच काढा अशी ओरड तेव्हाही झाली, पण आरोप म्हणजे निकाल नव्हे. ब्रिटनमध्ये जॉकी लेस्टर पिगॉटला 1987 मध्ये करचुकवेगिरीबद्दल शिक्षा झाली, पुढच्या वर्षी त्याचा ओबीई हा सरकारी किताब काढून घेतला. बॉक्सर नसीम हमीदला 2006 मध्ये बेफाम गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली, त्यानंतर त्याचा एमबीई हा तसाच किताब गेला. पिगॉटने जिंकलेल्या नऊ डर्बी शर्यती मात्र त्याच्याच नावावर राहिल्या.

मला हाच फरक पटतो. मैदानावर जिंकलेलं मैदानाचं, त्याला हात लावायचा तर तो उत्तेजक द्रव्य किंवा खेळातल्या लबाडीसाठी. सरकारने दिलेला मान सरकार परत घेऊ शकतं, पण गंभीर गुन्ह्यात आणि अपिलांचा निकाल लागल्यावर. पालखीच्या भांडणातल्या दंडासाठी कोणाची ट्रॉफी मागणं हा निव्वळ सूड होईल. बाईवर हात टाकणाऱ्याची मात्र मला कीव येत नाही, मग त्याने देशासाठी कितीही चढाया केलेल्या असोत.

अपील केलं आणि शिक्षेला स्थगिती मिळाली की दोषसिद्धी पुसली जाते, असंही समजू नका. शिक्षेची अंमलबजावणी थांबते, दोषसिद्धी उभीच असते. तिला वेगळी स्थगिती मागावी लागते आणि ती क्वचितच मिळते. पुरस्कार परत घेण्याआधी कारणे दाखवा नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यायला हवं, पण ती जाते अर्जावरच्या पत्त्यावर. गावचं घर बंद, माणूस डोंबिवलीत, उत्तराची मुदत संपून गेलेली. पत्ता बदलला की जिल्हा क्रीडा कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.