टाळूवरचा टणक उंचवटा

दातात अडकलेलं शित काढायला जीभ तोंडभर फिरते आणि टाळूच्या मधोमध काहीतरी टणक लागतं. जिभेला तोंडातली प्रत्येक गोष्ट आहे त्याहून मोठी वाटते, त्यामुळे आरशासमोर जाईपर्यंत माणूस निम्मा घाबरलेला असतो. आपल्याकडे मिश्री, तंबाखू आणि गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग इतका दिसतो की ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. तरीही दातांच्या डॉक्टरांकडे अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी पुष्कळ जण निर्धास्त होऊन घरी जातात, कारण ते साधं हाड असतं.

या वाढीला टोरस म्हणतात. वरच्या जबड्याची डावी-उजवी हाडं टाळूवर जिथे सांधली जातात, त्या रेषेवर एक प्रकार येतो. तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. दुसरा खालच्या जबड्यात, जिभेच्या बाजूला, सुळ्यामागच्या उपदाढांपाशी. तो बहुधा दोन्हीकडे जोडीने असतो. हिरड्यांच्या गालाकडच्या बाजूलाही कधीकधी अशा लहान गाठींची रांग दिसते. तिन्ही ठिकाणी असतं ते घट्ट विणीचं नेहमीचंच हाड. लहान मुलांत ते क्वचित दिसतं. विशीच्या आसपास कधीतरी उगवतं आणि मग इतक्या सावकाश वाढतं की वर्षानुवर्षं ज्याचं त्याला कळत नाही.

हे का होतं, याचं एकच उत्तर नाही. आनुवंशिकता नक्की आहे. एकाच घरात आई आणि मुलगी दोघींच्या टाळूवर उंचवटा असणं नवलाचं नाही. चावण्याचा ताण हेही एक कारण मानलं जातं, आणि झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये खालच्या जबड्यातले उंचवटे जास्त दिसल्याच्या नोंदी आहेत. या वादात मला सर्वांत बोलका वाटतो तो ग्रीनलंडचा पुरावा. दहाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्स लोक तिथे जाऊन वसले. त्यांच्या मध्ययुगीन कवट्या तपासल्या, तर मूळ नॉर्वेतल्या लोकांपेक्षा टाळूचे उंचवटे जास्त आणि मोठे आढळले. वंश एकच असताना हा फरक पडला, म्हणजे तिथल्या खाण्याजगण्याचाही यात हात असणार.

उपचारांबद्दल बोलायचं तर बहुतेकांना त्यांची गरजच नसते. डॉक्टर बोट फिरवून पाहतात, शंका वाटली तर एक्स-रे काढतात, केसपेपरवर नोंद करतात आणि विषय संपतो. त्रास होतो तो वेगळ्या कारणांनी. उंचवट्यावरची त्वचा अगदी पातळ असते आणि तिला रक्तपुरवठाही कमी. भाकरीचा कडक काठ किंवा चिक्कीचा तुकडा लागला की ती सोलवटते आणि बरी व्हायला वेळ घेते. मोठ्या ऑपरेशनसाठी भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायची असते, तेव्हा जिभेखालचे फार मोठे उंचवटे भूलतज्ज्ञांना अडचणीचे ठरू शकतात. पण ते काढून टाकायचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कवळी. उतारवयात दात गेले आणि कवळी बसवायची वेळ आली, की ती या उंचवट्यावर दगडावर ठेवलेल्या पाटासारखी डुगडुगते.

शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते. हाडावरचं आवरण चिरून बाजूला उचलतात, ड्रिलने हाडात खाचा पाडतात, छिन्नीने तुकडे सोडवतात, कडा घासून गुळगुळीत करतात आणि टाके घालतात. ऐकायला सुतारकाम वाटतं, पण बेताने करावं लागतं. टाळूचं हाड पातळ असलं तर नाकाच्या पोकळीत आरपार भोक पडू शकतं. खालच्या जबड्यात जिभेची नस आणि लाळेची नळी जवळच असतात. काढलेलं हाड दरवेळी वाया जात नाही. इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्याच्या हाडात कृत्रिम दात रोवण्यासाठी, हाडात भर घालायची असेल, तर रुग्णाचं हेच हाड वापरता येतं. निव्वळ मनाला टोचतं म्हणून मात्र ते काढून घेऊ नये, असं माझं मत.

एका गटाने विशेष जपायला हवं. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षाला झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेणाऱ्या बऱ्याच जणी पाळी गेलेल्या स्त्रिया असतात. हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी अशीच औषधं बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात. या औषधांनी जबड्याचं हाड उघडं पडून मृत होण्याचा धोका थोड्या रुग्णांत संभवतो. साध्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत तो फार कमी, कर्करोगाच्या रुग्णांत बराच जास्त. टोरसवरची पातळ त्वचा ही त्यासाठी अगदी सोयीची जागा. म्हणून दातांच्या डॉक्टरांना ही औषधं न विचारता सांगावीत. आणि डॉक्टरांना न विचारता ती बंदही करू नयेत.

टोरस टणक असतो, जागचा हलत नाही, दुखत नाही आणि बहुधा वर्षानुवर्षं तसाच असतो. टाळूच्या एका बाजूला मऊसर किंवा रबरासारखी गाठ लागली, ती काही आठवड्यांत वाढली, वरची त्वचा पांढरी किंवा लाल झाली, किंवा तोंडातली जखम 2 आठवड्यांत भरली नाही, तर ती टोरस समजून घरी बसू नये. जबड्यात इतरत्रही हाडाच्या बऱ्याच गाठी असतील तर डॉक्टर घरात आतड्याच्या आजाराचा इतिहास आहे का ते विचारतात. गार्डनर सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक विकारात अशा गाठींसोबत मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर फुटणारे कोंब, होतात आणि त्यांचं पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकतं.