मॅजेस्टिक सिनेमा: थेटर गेलं, पत्ता राहिला

आमच्याकडे अजून "मॅजेस्टिकपाशी ये" असंच सांगतात, आणि गंमत म्हणजे सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते थेटर बघितलेलंच नाही. मी पण नाही. आता तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं आहे, खाली दुकानं, वर ऑफिसं. पण गिरगावात वाढलेल्या माणसाला विचाराल तर मॅजेस्टिक म्हणजे सिनेमाच.

गिरगावला थेटरांची सवय तशी आधीपासूनच. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लागला तो याच भागातल्या कोरोनेशनला. तेव्हा मूकपट, म्हणजे पडद्यावर चित्रं हलणार आणि खाली पेटी-तबला वाजणार. मॅजेस्टिकचं नाव झालं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १४ मार्च १९३१ ला, 'आलम आरा' लागला तेव्हा. आपल्याकडचा पहिला बोलपट. तो काढणारे आर्देशीर इराणी स्वतःच या थेटरचे भागीदार होते, सोबत अब्दुलअली युसुफअली, त्यामुळे कुठे लावायचा हा प्रश्नच नव्हता म्हणा.

त्या दिवशी काय झालं ते वाचलं की आजच्या फर्स्ट डे फर्स्ट शोचं काही वाटत नाही. रांग लावायची असते हेच तेव्हा लोकांना माहीत नव्हतं, सगळे एकदम तिकिटाच्या खिडकीवर तुटून पडले, शेवटी पोलीस बोलवायला लागले आणि चार आण्याचं तिकीट ब्लॅकने चार-पाच रुपयांना गेलं. विचार करा, चार आणे! त्या काळच्या चाळकऱ्याने पाच रुपये सिनेमावर उडवले असतील तर घरी गेल्यावर त्याची काय पूजा झाली असेल.

आणि यातला हीरो कोण, तर आपला मास्टर विठ्ठल. मूकपटातला मारामारीवाला मोठा स्टार, पण हिंदी-उर्दू बोलताना अडखळायचा, म्हणून त्याला बऱ्याच सीनमध्ये गुंगीतच ठेवलं असं सांगतात. पहिल्या बोलपटाचा हीरो आणि बोलण्यातच लंगडा! शूटिंग पण बरंचसं रात्री, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची आणि गाडीचा आवाज माईकमध्ये शिरायचा. आता या सिनेमाची एक प्रिंट पण शिल्लक नाही, आहेत ते फक्त फोटो. म्हणजे सिनेमा पण गेला आणि जिथे तो लागला ते थेटर पण गेलं.

पुढे गिरगावातल्याच सेंट्रलला १९३६ च्या डिसेंबरात प्रभातचा 'संत तुकाराम' लागला आणि वर्षाहून जास्त मुक्कामाला राहिला, ५७ आठवडे. त्याबद्दल परत कधीतरी, तो वेगळाच विषय आहे.

मला स्वतःला मॅजेस्टिकची जास्त ओढ वाटते ती पुस्तकांमुळे. केशवराव कोठावळ्यांनी १९४२ मध्ये या थेटरला लागूनच पुस्तकांचा स्टॉल टाकला आणि नाव ठेवलं मॅजेस्टिक बुक स्टॉल. पुढे त्यातूनच मॅजेस्टिक प्रकाशन उभं राहिलं. आजोबा सांगायचे की मॅटिनी सुरू व्हायला वेळ असला की ते तिथे उभ्या उभ्या पुस्तक चाळायचे, चाळता चाळता पंधरा-वीस पानं वाचून व्हायची, मग घंटा झाली की पुस्तक जागेवर ठेवून पळायचं, आणि पुढच्या रविवारी तेच पुस्तक, तेच पान. एक पुस्तक असं तीन सिनेमांत संपवलं म्हणे. त्यातले सिनेमे कुठले होते ते त्यांना आठवायचं नाही, पुस्तक कुठलं ते मात्र पक्कं आठवायचं, आणि शेवटी ते त्यांनी विकत पण घेतलं. आमच्या कपाटात आहे अजून.